नऊ उन्हाळ्यांचा पाला

चौदा किलोमीटर चालायचं होतं, चार तासांच्या आत. पळायचं मात्र नाही. जानेवारीच्या धुक्यात रस्त्याच्या कडेला उभा राहून एक माणूस भोंग्यातून तेच तेच ओरडत होता, "पैदल चाल है, दौड़ नहीं! दोनों पैर एक साथ हवा में दिखे तो सीधे घर!"

विनताला त्याचं हसू आलं. पळू नये हे तिला भोंग्यातून सांगायची गरज नव्हती. वणवा दिसला की पाय आपोआप धावायला बघतात. त्या वेळी त्यांना आवरावं लागतं. श्वास नाकातून घ्यायचा आणि शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं. डोंगरावर धावणारं माणूस पहिल्या पाऊण तासात संपतं, आणि वर पोचणं हे काम नसतंच. वर पोचल्यावर काम सुरू होतं. हे ती नऊ उन्हाळे करत आली होती.

त्या सकाळी भरतीच्या चाचणीला शंभरावर बायका होत्या. बहुतेक विशी-बाविशीच्या, पायांत नवेकोरे रंगीत बूट. विनता छत्तीस वर्षांची. तिच्या पायांत जुने चामड्याचे बूट होते, कारण रंगीत बुटांचा तळ गरम राखेवर कसा वितळतो ते तिने पाहिलं होतं. नवव्या किलोमीटरपासून मुली एकेक करून पोटऱ्या धरून बसायला लागल्या. विनता दोन तास बावीस मिनिटांत परत आली तेव्हा भोंगेवाला चहा पीत होता.

"आंटी, किसी की गाड़ी पे बैठ के तो नहीं आ गईं?"

"आपकी ही गाड़ी थी भैया. पीछे मुड़ के देखा नहीं आपने?"

तिचे बाबा, शशिकांत, मफलर गुंडाळून रेषेपाशी उभे होते. जबलपूरच्या अधारतालहून पहाटेच्या पहिल्या ऑटोने आले होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस. त्यांना वेळ आणि माप या दोनच गोष्टींवर भरवसा. "दोन बावीस," ते मनगटावर बोट ठेवून म्हणाले. "मी मोजून राहिलो होतो. त्यांनी दोन पंचवीस लिहिलं तर मला सांग."

पुढे उंची. दीडशे सेंटिमीटर हवी. मोजणाऱ्याने आधी अंबाडा सोडायला लावला, केसांवर पट्टी दाबली, पुन्हा दाबली, आणि नाइलाज झाल्यासारखं "एक सौ तिरपन" म्हणाला.

मग ब्लोअर. पाठीवर घेऊन पाल्यावर हवेचा झोत मारायचं यंत्र. टाकी भरली की दहा किलोच्या आसपास होतं. ते घेऊन एक किलोमीटर जायचं होतं. विनताने पट्टे खांद्यांत अडकवले आणि तिला लगेच कळलं.

"भैया, इसमें पेट्रोल नहीं है."

"लेडीज़ के लिए खाली रखा है."

"काहून?" घरातला शब्द तोंडून निसटला. "मतलब, क्यों?"

"सुविधा है आपके लिए. हल्का पड़ेगा."

"आग भी लेडीज़ के लिए आधी लगेगी क्या?"

मागच्या रांगेतली एक पोरगी कुजबुजली, "दीदी, जाने दो ना." त्या माणसाचा चेहरा आंबला. सगळ्यांदेखत त्याने टाकी भरली, झाकण जरा जोरातच फिरवलं. विनता ते ओझं घेऊन निघाली. तिला कोणाला काही दाखवायचं नव्हतं. फक्त रिकाम्या टाकीने पास झालेल्या बाईला उद्या डोंगरावर कोणी यंत्र देत नाही, हातात पाण्याचा कॅन देतात, हे तिला ठाऊक होतं. हलकं ओझं देऊन माणसाला हलक्यात काढायची ती जुनी रीत होती. तिची चीड तिथेच सुरू झाली होती. पण दिवस अजून अर्धाच झाला होता.

*

ती या कामात आली ते ठरवून नव्हे. लग्न होऊन मझौलीच्या बाजूच्या गावात आली तेव्हा तिला जंगल म्हणजे घरामागची हिरवी भिंत वाटायचं. नवरा सचिन शाळेची व्हॅन चालवायचा. सासूबाई बेबीबाई यांना जंगलाची खडान्‌खडा माहिती, पण सून त्यात गेलेली चालत नसे. मग एका मार्चमध्ये कोणीतरी मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचं जाळलं आणि विसरून घरी गेलं. आग डोंगर उतरून गोठ्यांच्या दिशेने आली. गावातल्या सगळ्यांनी हिरव्या फांद्या तोडल्या आणि धावले. विनताही धावली. उचलून उचलून फांदी आपटत होती, आणि प्रत्येक फटक्यासरशी ठिणग्या पुढे उडत होत्या.

"बाई, आग को मार मत," एक म्हातारा तिच्याजवळ येऊन शांतपणे म्हणाला. "दबा. दबा के जले हुए की तरफ खींच." तो फगनू मरावी. त्या भागातला सगळ्यात जुना फायर वॉचर, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत रोजंदारीवर घेतला जाणारा जंगलाचा राखणदार. पुढची सगळी विद्या तिला त्याने दिली. टेरिकॉट घालायचं नाही, ते कातडीला चिकटतं. फांदी पळसाची घे, पान जाड असतं. वाऱ्याकडे तोंड करून थांबू नको. आणि परत यायची वाट जळून गेलेल्या जमिनीतून ठेव, कारण जळलेलं पुन्हा जळत नाही.

पहिल्या दिवशी पायातली जोडवी इतकी तापली की दोन्ही बोटांना फोड आले. दुसऱ्या दिवसापासून ती काढून पदराला बांधू लागली. बेबीबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पदराला काहून बांधतेस? हरवशील कुठं तरी. माझ्यापाशी दे." तेव्हापासून दर फेब्रुवारीत जोडवी हळदीच्या डब्यात जायची आणि जूनमध्ये बाहेर यायची.

आग विझवणं म्हणजे पाणी मारणं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. डोंगरावर पाणी फक्त पिण्यापुरतं असतं, तेही पाठीवर वाहून नेलेलं. खरं काम असतं पाला काढायचं. आगीच्या पुढे, तिच्या वाटेत, सागाचा, साजाचा, तेंदूचा गुडघ्याएवढा साचलेला पाला दाताळ्याने ओढून बाजूला करायचा, खालची माती उघडी पाडायची, तीन हात रुंद पट्टा, शेदोनशे हात लांब. आग तिथे येते, खायला काही मिळत नाही, आणि बसते. हे सगळं ती पोचायच्या आत. उन्हाचा पारा त्रेचाळीसवर, समोरून आगीची झळ, वाकून वाकून कंबर लाकडासारखी झालेली, आणि डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यात धूर कोणता आणि घाम कोणता हे कळत नसतं. विनता कायम या पट्ट्यावर सगळ्यांत पुढे असायची. तिचा हात लांब होता आणि ती थांबत नसे.

बीटगार्ड दुबेजींना तिच्यात आणखी एक गुण दिसला. ती बी.ए. होती. रोजची डायरी लिहायची म्हणजे दुबेजींच्या अंगावर काटा यायचा. "विनता जी, आप ही लिख दो ना. मैं साइन मार दूँगा." त्यांनी सांगायचं, तिने लिहायचं. कोण आलं, कुठली आग, कोणी काय केलं. "बाकी सबका लिखो, आग बुझाई," दुबेजी म्हणायचे, "और अपना तुम खुद देख लो."

विनताने आपलं बघितलं. तिला खोटं लिहिता येत नसे, आणि फुगवूनही. आग सगळ्यांनी मिळून विझवलेली असायची. आपण त्यात नेमकं काय केलं, ते तिने लिहिलं. 'पाला हटाया.' 'पाला हटाया, लाइन साफ की.' 'नाले तक पाला हटाया.' नऊ वर्षं.

हिंदीच्या गावात वाढलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या बाईला एका शब्दाचं भान राहिलं नाही, एवढंच. जबलपूरच्या मराठी घरांत हे रोजचंच. शशिकांतरावांचा तर ठेवणीतला विनोद होता, की हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी, आणि आपली पोरं दोन्ही एकदमच घेतात. पण शिक्षा हा शब्द सगळ्यांना माहीत होता. पाला कोणाच्या ध्यानात आला नाही. हिंदीत पाला म्हणजे दहिवर गोठून पिकावर पडतं ते. थंडीतलं. मटाराचं पीक एका रात्रीत काळं करणारं.

*

दुपारी एकला विजय नगरात कागदपत्रांची तपासणी होती. भाड्याच्या इमारतीचा दुसरा मजला, योजनेचं तात्पुरतं ऑफिस, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. नवं वनाग्नी दल उभं राहत होतं. वर्षभराची नोकरी, गणवेश, विमा, प्रशिक्षण. वयाची अट तेहेतीस. आगीच्या पाच हंगामांचा अनुभव असेल त्यालाच चाळीसपर्यंत सूट. विनताची सगळी आशा या सवलतीवर होती. वर्षातून चार महिने असणारं आणि आठ महिने नसणारं माणूस म्हणून जगायचा तिला कंटाळा आला होता. अनुभवाचा दाखला डायऱ्या पाहून इथलाच बाबू तयार करणार होता, आणि त्यासाठी दुबेजी नऊ डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन स्वतः आले होते.

बाबूने डायऱ्या चाळून टाइप केलेला तिचा कागद काढला, वाचला, आणि प्रेमाने म्हणाला, "मैडम, आप ग़लत लाइन में लगी हैं. आपका तो नर्सरी का है."

"काय नर्सरीचं?"

त्याने दाखला फिरवून तिच्यापुढे धरला. 'श्रीमती विनता कालमेघ, नौ वर्ष, पौधों की पाले से रक्षा संबंधी कार्य.' आडनावातल्या 'ळ'चा 'ल' होणं तिला सवयीचं होतं. बाकीचं तिने दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, कारण तिसऱ्यांदा वाचल्यावर तरी त्याचा काही दुसरा अर्थ निघेल असं वाटलं.

"ये किसने लिखा?"

"मैंने. डायरी से निकाला है. आपके नाम के आगे हर जगह यही है. पाला हटाया, पाला हटाया." बाबूचा सूर कौतुकाचाच होता. "अच्छा काम है मैडम. इस साल तो देखिए पाला कितना पड़ रहा है, मटर चौपट हो गई लोगों की."

शशिकांतराव मागच्या बाकावरून उठून पुढे आले. त्यांनी दाखला चष्मा सारून वाचला आणि त्यांना पहिल्यांदा खुदकन हसू आलं. "अगं विनू, यांनी तुझ्या पाल्याचा बर्फ करून टाकला." मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू गेलं.

"भैया," विनता बाबूला म्हणाली, "पाला मतलब पत्ते. सूखे पत्ते. हम मराठी लोग पत्तों को पाला बोलते हैं. आग की लाइन बनाने के लिए पत्ते हटाए हैं मैंने."

"तो पत्ते लिखना था ना."

"तारीखें देखीं आपने?"

"तारीख से क्या होता है?"

तिने गठ्ठ्यातली वरची डायरी उघडली, पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. "ग्यारह अप्रैल. इसके ऊपर की लाइन में लिखा है, पहाड़ी पर आग. ग्यारह अप्रैल को जबलपुर में बर्फ़ जमती है क्या?"

बाबूने मान वर केली नाही. त्याला राग आला होता असं नाही. त्याला फक्त तो दाखला पुन्हा टाइप करायचा नव्हता. "साहब से बात कीजिए," तो म्हणाला.

*

साहेब वाईट माणूस नव्हते, हीच त्यातली सगळ्यात संतापाची गोष्ट. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि तोडगा काढला.

"देखिए, नर्सरी में भी एक पद है. महिला के लिए ही है, आयु की दिक्कत भी नहीं. नौ साल का अनुभव, और क्या चाहिए. छाँव का काम है. आज ही हो जाएगा."

शशिकांतराव तिच्या कानाशी वाकले. "विनू," ते हळूच म्हणाले, "पक्की नोकरी देऊन राहिले ते. आग काय, रोपं काय. थोडा विचार कर."

तिने विचार केला. घरच्यांचा केला, कंबरेचा केला, छपराखालच्या ओल्या मातीचा आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा केला. ते काम तिला हलकं वाटत नव्हतं. रोप जगवणं कमी नसतं. पण ते ज्यांनी केलं त्यांचं होतं. कधी एक रोपही न लावलेली बाई नऊ वर्षांच्या न केलेल्या कामावर तिथे बसणार, आणि केलेल्या नऊ वर्षांचं काय? फगनूचा उजवा तळवा भाजून गोळा झाला होता, त्या दिवशी ती त्याच्या शेजारी होती. आता कागदाप्रमाणे ती त्या दिवशी कुठे तरी रोपांवर गोणपाट पांघरत होती.

"मुझे नर्सरी नहीं चाहिए साहब. कागज़ सही चाहिए."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "तो समझिए. डायरी सरकारी रिकॉर्ड है. या तो डायरी सही है, और आप पाले वाली हैं. या डायरी ग़लत है, तब तो आपका कोई अनुभव ही नहीं बनता. तीसरा रास्ता मेरे पास नहीं है."

"डायरी सही है. पढ़ी ग़लत गई है."

"सरकारी काम हिंदी में होता है."

"हिंदी में ही लिखा साहब. एक शब्द घर से चला आया." तिचा आवाज चढला नाही, पण टेबलावरचा हात मुठीत गेला. "और चलो, पाला मेरी ग़लती. लेकिन अप्रैल? अप्रैल तो हिंदी में भी अप्रैल ही होता है ना?"

बाबू दारात उभा होता. त्याने खाली पाहिलं. साहेबांनी डायरी ओढून घेतली, पानं उलटली, आणि मध्येच थांबले. "एक मिनट. ये 'लिखा' क्या मतलब? डायरी तो बीट गार्ड लिखता है."

दुबेजी इतका वेळ भिंतीला चिकटून होते. आता ते भिंतीत शिरायला बघत होते. "सर, लिखी तो मैंने ही है. मतलब, बोली मैंने है."

साहेबांनी डायरी दुबेजींपुढे सरकवली. पण बोलले ते शशिकांतराव. लेथवर काम केलेल्या माणसाला माप पारखता येतं, तसं अक्षरही. "सर जी, ये देखिए 'ल'. हिंदी वाले 'ल' में दाहिने तरफ सीधी डंडी रहती है. इसमें डंडी ही नहीं, दो पंखुड़ी हैं. हमारा मराठी 'ल' है ये. इसकी माँ ने स्लेट पे सिखाया था, शाला जाने के पहले. सब नौ की नौ डायरी में ये 'ल' मिलेगा आपको. दुबेजी के 'ल' में मिले तो मैं अभी घर जाता हूँ."

साहेबांनी दुबेजींची सही पाहिली. मग 'पाला'तला 'ल' पाहिला. मग 'लाइन'मधला, 'जंगल'मधला, 'महुआ तले'मधला. सगळीकडे दोन पाकळ्या.

दुबेजी विनताकडे वळून पुटपुटले, "विनता जी, बात मत बढ़ाओ. मेरी इन्क्वायरी बैठ जाएगी."

नऊ वर्षं 'आप ही लिख दो ना' म्हणणारा तो आवाज. तिला त्यांची कीव आली आणि त्या किवेचाही राग आला. "दुबेजी, मी तुमचं काहीच वाढवून नाही राहिले," ती मराठीतच म्हणाली. नऊ उन्हाळे तिच्याबरोबर काम करून त्यांना तेवढी समजत होती. "तुम्ही फक्त एवढं सांगा, मी तिथे होते का नव्हते."

दाराशी उभा असलेला बाबू, खुर्चीतले साहेब आणि भिंतीवरचं घड्याळ, सगळे दुबेजींकडे बघत होते, आणि दुबेजी आपल्या बुटांकडे.

"ठीक है," साहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. उपग्रहावरून आगीचे जे संदेश येतात, तारीख आणि जागा, त्यांची ती छापील यादी होती. यादी त्यांनी स्वतःकडे तोंड करून धरली. "डायरी बंद कर दीजिए. मैं तारीख बोलता हूँ. आप थीं, तो बताइए क्या हुआ था. उन्नीस मार्च, दो हज़ार उन्नीस."

विनताने डोळे मिटले नाहीत. साहेबांच्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत ती बोलू लागली.

"बाँस के झुरमुट में लगी थी. गाँठें फूट रही थीं, पटाखे जैसी. पास नहीं जा सके. चारों तरफ लाइन काटी, जलने दिया."

"दो मई, इक्कीस."

"हवा पलटी थी. तीन बजे के बाद. पश्चिम से पूरब हो गई एकदम. हम छह लोग बीच में आ गए. फगनू दादा ने सबको जली हुई ज़मीन पे लिटा दिया, मुँह मिट्टी में. उसी दिन उनका हाथ जला."

साहेबांनी यादीतून वर पाहिलं. "अट्ठाईस मार्च, तेईस."

"एक महुआ अंदर से जल रहा था. खोखला था. बाहर कुछ दिखता नहीं, ऊपर से धुआँ, चूल्हे जैसा. पत्थर और मिट्टी टोकनी से डाली, दो दिन. दूसरे दिन दुबेजी नहीं आए थे, साली की शादी थी." तिने दुबेजींकडे पाहिलं. "डायरी में उनको हाज़िर लिखा है मैंने. वो एक झूठ है मेरा. बाकी सब सच है."

दुबेजींनी खिशातून रुमाल काढला.

साहेबांनी आणखी चार तारखा विचारल्या. एकीला ती म्हणाली, "नहीं, उस दिन मैं नहीं थी. बेटी को बुखार था." साहेबांनी डायरी उघडून पाहिलं, त्या दिवशी तिचं नाव नव्हतं. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

मग त्यांनी बाबूला बोलावलं, जुना दाखला फाडला, आणि नवा स्वतः सांगून टाइप करून घेतला. प्रिंटर घरघरला. शशिकांतरावांनी मफलर सारखा केला. त्यांचे डोळे भरून आले होते. साहेबांनी सही केली आणि कागद मोठ्या मनाने पुढे केला.

विनताने तो घेतला आणि वाचला. 'वनाग्नि-शमन में सहायता, नौ सत्र.'

"हो गया?" साहेब म्हणाले. "इसमें छूट मिल जाएगी आपको. पूरी."

मिळणार होती. हे तिलाही कळत होतं. एवढ्या शब्दावर अर्ज पुढे जाणार होता, चाळीसची अट लागणार होती, उन्हाळा सुरू व्हायच्या आत गणवेश मिळणार होता. बाबा 'थैंक यू' म्हणायला तोंड उघडत होते. तिने कागद परत टेबलावर ठेवला.

"साहब, ये सहायता."

"जी?"

"किसकी की मैंने?"

साहेबांना प्रश्न कळला नाही.

"सहायता लिखा है, तो आग बुझाने वाला कोई और होगा. मैं उसकी सहायता कर रही होऊँगी." तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. "उसका नाम भी लिख दीजिए. नौ साल में मुझे तो वो दिखा नहीं. मैं भी देख लूँ कौन था."

साहेबांची नजर दुबेजींकडे गेली. दुबेजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाबू म्हणाला, "मैडम, ये तो ऐसे ही लिखते हैं, महिलाओं का—" आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं, कारण पुढे काय म्हणायचं होतं ते त्यालाच ऐकू आलं.

"विनू," बाबा अगदी हळू म्हणाले. पण या वेळी त्यांनी थोडा विचार कर असं म्हटलं नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. 'में सहायता' हे दोन शब्द एका आडव्या रेघेने कापले, शेजारी छोटी सही केली, शिक्का घेतला आणि मारला. त्यांनी कागद पुढे केला. ती काही म्हणेल अशी वाट पाहत राहिले.

विनताने कागद उजेडात धरला. तारीख पाहिली, सत्रांची संख्या पाहिली, शिक्का पुरता उमटलाय का ते पाहिलं.

"थैंक यू सर," शशिकांतराव सवयीने म्हणालेच.

"कशाचं हो बाबा?" ती म्हणाली, आणि बाबूकडे वळली. "इसकी दो ज़ेरॉक्स चाहिए. यहीं होगी, या नीचे जाना पड़ेगा?"